रामबचन मेठची माणसं

वेल्डिंगची झळ डोळ्यांना लागली की माणूस संध्याकाळपर्यंत बरा असतो, आणि घरी गेल्यावर डोळ्यांत वाळू ओतल्यासारखा तळमळतो. त्यावर कच्च्या बटाट्याच्या चकत्या बांधल्या की बरं वाटतं, हे मला नर्सिंगच्या कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं. कारखान्याच्या प्रथमोपचार केंद्रात रुजू झाले त्याच आठवड्यात एका सकाळी तीन धिप्पाड वेल्डर डोळ्यांवर बटाटे बांधून, एकमेकांचे खांदे धरून दारात उभे राहिले. मला हसू आवरेना. तेही हसले, कारण हसणारी बाई कोण हे त्यांना दिसत नव्हतं.

आमच्या भोपाळच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादकबाई दरवर्षी मागे लागतात, "कुंदाताई, कारखान्यातल्या गमती लिहा." गमती पुष्कळ आहेत. ग्राइंडरवाल्यांना धुळीसाठी कापडी मास्क वाटले, तर दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्कशॉपचा चहा त्यातून गाळला जात होता. कानात घालायचे बोळे वाटले, ते लोकांनी घरी बायको बोलायला लागली की घातले आणि मशीनपाशी कान मोकळे ठेवले. असं बरंच लिहिता आलं असतं. पण लिहायला बसले की हात महामारीच्या त्या दुसऱ्या उन्हाळ्याकडे वळतो. सणाच्या अंकात भीतीचं लिहू नये एवढी अक्कल मला आहे. तरी लिहिते आहे, कारण ती भीती माझ्या अंगातून अजून गेलेली नाही, आणि माझ्याजवळ दुसरं सांगण्यासारखं काही उरलं आहे असं मला वाटत नाही.

माझं काम ऐकायला साधं होतं. जखमा बांधायच्या, डोळ्यांतले लोखंडाचे कण काढायचे, आणि उरलेल्या वेळात लोकांना जखमा होऊ नयेत म्हणून त्यांच्या कानीकपाळी ओरडायचं. पहिली दोन कामं कुणालाही शिकवता येतात. तिसऱ्या कामात माझी सगळी नोकरी खर्ची पडली. पोस्टर लावलं की माणूस ऐकतो असं वरच्या साहेबांना वाटतं. मी एवढंच शिकले की कायम नोकरीवाल्याला त्याच्या युनियनच्या पुढाऱ्याकडून सांगवावं, साहेबाला त्याच्या बायकोकडून, आणि ठेक्यावरच्या मजुराला त्याच्या मेठकडून.

मेठ म्हणजे टोळीचा म्होरक्या. तो आपल्या गावातून माणसं आणतो, ठेकेदाराकडे कामाला लावतो, त्यांच्या जेवणाखाण्याचं, भांडणांचं, दुखण्याखुपण्याचं बघतो. आमची टाउनशिप सरकारी थाटाची, रुंद रस्ते, आंब्याची झाडं, क्लब, शाळा, स्वतःचं हॉस्पिटल. तिच्या भिंतीपलीकडे या मजुरांची लाइन होती, म्हणजे पत्र्याच्या खोल्यांची रांग. दिवसपाळीवाला उठला की रात्रपाळीवाला त्याच कोमट चटईवर आडवा व्हायचा. लाइनमधल्या माणसाचं कामावर बोट कापलं तर तो आमच्या हॉस्पिटलचा, आणि ताप आला तर शहरातल्या सरकारी दवाखान्याचा. हा नियम मी केला नव्हता, पण दारात उभं राहून तो सांगायचं काम माझ्याकडे होतं.

रामबचन मेठ बिहारचा, छपऱ्याकडचा. पन्नाशीचा, बुटका, आणि आवाज कारखान्याच्या भोंग्याला लाजवेल असा. त्याची टोळी मोठमोठ्या लोखंडी टाक्या आतून-बाहेरून रंगवायची. साऱ्या लाइनमध्ये हा एकच मेठ माझं म्हणणं शब्दशः पाळायचा. "दीदी बोली हैं" असं एकदा म्हणाला की त्याची माणसं मुकाट्याने मास्क चढवायची. मी एकदा त्याला विचारलं, इतर मेठ मला टाळतात, तू का ऐकतोस? तो म्हणाला, "दीदी, हमारे यहाँ लड़का परदेस जाता है तो टीसन पर उसकी माई उसका हाथ उठा के मेठ के हाथ में देती है। सबके सामने। फिर वो आदमी हमारा है। लौटाना पड़ता है।"

पहिल्या वर्षीच्या टाळेबंदीत हे सगळे चालत गावी निघाले होते. मधे कुठेतरी ट्रक मिळाला, पण तोवर तळपाय सोलून निघाले. पाऊसपाण्यानंतर कामासाठी परत आले आणि मेठने सगळ्यांना बजावलं की आता काही झालं तरी पायी निघायचं नाही. म्हणून पुढच्या उन्हाळ्यात आजार दुपटीने परत आला तेव्हा टोळी लाइनमध्येच राहिली.

त्या दिवसांचं काय सांगू. अँब्युलन्सचा आवाज थांबला की जास्त भीती वाटायची, कारण तो जवळच थांबलेला असायचा. अरेरा कॉलोनीतले नावाजलेले डॉक्टर फोनवरच नाडी बघत होते. आमच्या ह्यांचं हृदयाचं ऑपरेशन झालेलं. मी घरी आले की मागच्या दाराने न्हाणीघरात जायची, कपडे उकळत्या पाण्यात टाकायची, आणि गच्चीकडच्या खोलीत ताट मागवायची. हे दारापलीकडून म्हणायचे, "आता पूर्ण भोपाळचा ठेका तूच घेतला आहेस का गं? रिटायरमेंट जवळ आली, सुट्टी टाक." मी ठणकावून उत्तर द्यायची आणि मग उशीत तोंड खुपसून पडायची. मला जायचं नव्हतं. तरी रोज सकाळी मी स्कूटरला किल्ली लावायची, आणि हे मी तेव्हा कुणालाही कळू दिलं नाही.

कारखान्याच्या गेटवर कपाळाचा ताप बघायचं यंत्र आलं. मजूर त्याला पिस्तूल म्हणायचे आणि ते समोर आलं की डोळे मिटून घ्यायचे. उन्हातून सायकल मारत आलेल्या धडधाकट माणसाचंही कपाळ तापलेलं असायचं, मग गार्ड त्याला परत पाठवायचा आणि दिवस बुडायचा. त्यावर लोकांनी तोड काढली. गेटच्या अलीकडे नळ होता, तिथे गमछा भिजवायचा, कपाळाला घट्ट बांधून कडुनिंबाखाली बसायचं, आणि गार झालं की पिस्तुलासमोर जायचं. त्यामुळे ज्याला खरा ताप होता तोही गार कपाळाने आत जायचा. सगळा कारखाना यंत्राच्या मते ठणठणीत होता.

त्यात पुन्हा आपलं भोपाळ. हा आजार हवेतून येतो असं मी कँटीनमध्ये सांगितलं की जुन्या वस्तीतली माणसं एकदम गप्प व्हायची. इथे हवेतून काय आलं होतं ते ज्यांनी भोगलं, त्यांना एकच उपाय ठाऊक होता, तोंडावर ओला कपडा. लाइनच्या घरमालकिणीने तो मजुरांनाही शिकवला. जो तो ओल्या गमछ्याने नाकतोंड बांधून फिरायला लागला. मी सांगून थकले की ह्या आजाराला कोरडा मास्क लागतो. एका म्हातारीने मला समोर बसवून समजावलं, "बेटी, तुम तब छोटी रही होगी। हम गीले कपड़े से ही बचे हैं।" मी तेव्हा छोटी नव्हते, वॉर्डात ड्यूटीला होते. पण तिच्याशी वाद घालायला माझी जीभ रेटली नाही.

एके दिवशी दुपारची शिफ्ट सुटल्यावर रामबचन माझ्या केंद्राशी आला. चेहऱ्यावर परीक्षेत पहिला आलेल्या मुलाचा आनंद. "दीदी, आज हमारी लाइन में चलिए। देखिए हम लोग कैसा इंतजाम किए हैं।" मला बरं वाटलं. निदान एक तरी मेठ काही करतो आहे.

लाइनमागच्या मोकळ्या जागेत चुलीवर रंगाचा मोठा ड्रम ठेवला होता. आत ओवा, कडुनिंबाचा पाला, कापूर घातलेलं पाणी खळखळत होतं. टाक्या उघड्यावर रंगवताना वर तंबू करतात ती जाड ताडपत्री त्या ड्रमवर पसरली होती, आणि ती ताडपत्री हलत होती. मेठ काठी घेऊन बाहेर उभा राहिला आणि शाळेतल्या पीटीच्या मास्तरासारखा ओरडला, "खींचो! रोको! छोड़ो!" ताडपत्रीखालून एकदम सगळ्यांचा श्वास ऐकू आला. मोबाइलवर कुणीतरी पाठवलं होतं की वाफेने हा आजार मरतो. लाकडं महाग, ड्रम एक, आणि प्रत्येकाने आपापली वाफ घ्यायची म्हटलं तर आळशी लोक टाळतील, म्हणून मेठने सगळ्या टोळीला रोज एकत्र बसवायचं ठरवलं होतं.

"देखिए दीदी, एक भी आदमी नागा नहीं करता," तो म्हणाला.

मी ताडपत्रीचं टोक उचललं. आत ड्रमभोवती माणसं मांडीला मांडी लावून बसली होती. मास्क काढलेले, तोंडं उघडी, चेहरे घामाने निथळणारे. माझ्याकडे बघून सगळे हसले. आणि पलीकडच्या बाजूला एक मिशीवाला उंच माणूस खोकला. कोरडा, खोल खोकला, एकदा सुरू झाला की न थांबणारा. त्याच्या शेजारचे दोघे त्याची पाठ चोळत होते. मी ताडपत्री सोडली आणि मेठकडे वळले.

"मेठजी, ये बंद कीजिए। अभी।"

"काहे? भाप मना है?"

"भाप मना नहीं है। एक साथ बैठना मना है।"

"साथ में त हम लोग खाते हैं, सोते हैं दीदी।"

सहा फूट लांब राहा, हा नियम ज्यांनी काढला त्यांच्या घरांना खोल्या होत्या. मी त्याला त्याच्या धंद्यातलं विचारलं. बंद टाकीत एक माणूस स्प्रेने रंग मारत असेल आणि त्या टाकीत तू बाकी सगळ्यांना विनामास्क बसवलंस तर? तो म्हणाला, असं कोण करेल, सगळ्यांच्या छातीत रंग जाईल. मग तो थांबला. ताडपत्रीकडे बघितलं, खोकणाऱ्या माणसाकडे बघितलं. काठी त्याच्या हातातून गळून पडली.

"त हम रोज इन लोगों को टंकी में बैठा रहे थे?"

मी म्हटलं, तुम्हाला माहीत नव्हतं. तो खाली मातीत बसला. माणसं ताडपत्रीखालून बाहेर आली आणि आपल्या मेठला असं बसलेलं बघून गोंधळून उभी राहिली. त्याला मी त्यापूर्वी कधी हळू आवाजात बोलताना ऐकलं नव्हतं. त्या दिवसानंतर तो हळूच बोलायला लागला.

तो खोकणारा माणूस शिवनाथ, टोळीतला सगळ्यात चांगला स्प्रेवाला. त्याला तपासणीला पाठवा असं मी बजावून आले होते, पण एक-दोन दिवसांत तो कामावर दिसेनासा झाला. विचारलं तर म्हणाले, गावी गेला. बहुतेक गाड्या रद्द झालेल्या, असा खोकणारा माणूस गावी जाणार कसा? मी ऑक्सिमीटर खिशात घातला, दोन मास्क चढवले आणि लाइन गाठली. भर दुपार, पत्रे तापलेले, सगळी दारं लावलेली. मी शिवनाथच्या नावाने दार ठोठावत राहिले तेव्हा मेठने उघडलं. खोलीच्या मधोमध चादर बांधली होती.

"सोया है," मेठ म्हणाला. "ठीक है। आप मत आइए अंदर, आपको लग जाएगा।"

मी म्हटलं, ठीक असेल तर बोट दे म्हणावं, मी बाहेरूनच बघते. चादरीखालून एक हात बाहेर आला. मी बोटाला ऑक्सिमीटर लावला. आकडा झकास, माझ्यापेक्षाही चांगला. मी सुटकेचा श्वास टाकणार तेवढ्यात त्या हाताकडे लक्ष गेलं. नखांच्या कडेला वाळलेली कणीक होती. स्प्रेवाल्याच्या नखातला लाल रंग महिना-महिना जात नाही, हे मी त्यांच्या बोटांना पट्ट्या बांधून बांधून शिकले होते. मी चादर ओढली. टोळीचा स्वयंपाकी लल्लन चोरी पकडल्यासारखा माझ्याकडे बघत होता, आणि त्याच्यामागे भिंतीला टेकून शिवनाथ बसला होता. त्याचे ओठ निळसर पडले होते. त्याला एका दमात दोन शब्दही बोलता येत नव्हते.

मी कुणाला कधी मारलेलं नाही, त्या दिवशी लल्लनच्या कानाखाली वाजवावी असं वाटलं. पण मेठ मधे आला आणि त्याने हात जोडले.

"दीदी, उस पर मत चिल्लाइए। हम बोले थे। बगल की लाइन से आदमी ले गए, सफेद कपड़ा पहिन के आए और ले गए। एक्को नहीं लौटा। फोन आया कि खतम। न मुँह दिखाया, न राख दिया। लोग बोलता है वहाँ सुई देके सुला देते हैं।"

"झूठ है वो।"

"आप देखी हैं?"

मी खरंच बघितलेलं नव्हतं. त्या आजाराच्या वॉर्डाच्या काचेपलीकडे मलाही जाऊ देत नव्हते. तीस वर्षं लोकांची समजूत घालून पोट भरलेली मी, आणि त्या खोलीत माझ्यापाशी दाखवायला काहीच नव्हतं. मी एवढंच म्हटलं की इथे राहिला तर आजची संध्याकाळही निघणार नाही.

मेठने शिवनाथचा हात उचलला, आणि माझ्यासमोर धरला. "इसकी माई हमको दी थी। अब आप लीजिए। लौटाइएगा?"

आमच्या धंद्यात पहिला धडा हा, की बरा होईल असं वचन कुणालाही द्यायचं नाही. हातमोजे घातलेल्या हातांनी मी तो हात घेतला. तो तापाने भाजत होता. "लौटाऊँगी," मी म्हटलं.

सरकारी दवाखान्याच्या त्या वॉर्डात लिसी नावाची केरळची नर्स होती, पूर्वी माझ्या हाताखाली शिकलेली. मी तिच्या अक्षरशः हातापाया पडले. तिने कबूल केलं की दिवसातून एकदा ती शिवनाथला फोनवर दाखवील. तिच्या अंगावर तो प्लास्टिकचा सूट, घामाने हातमोज्यात पाणी साचलेलं, तरी ती फोन करायची. लाइनमधल्या मोकळ्या जागेत, जिथे ड्रम उकळायचा तिथे, मी फोन उंच धरून उभी राहायची आणि टोळी लांब लांब उभी राहून बघायची. पहिल्या दिवशी शिवनाथच्या तोंडावर मास्क होता आणि त्याने फक्त भुवया उडवल्या. लल्लन ओक्साबोक्शी रडला. पुढे एका दिवशी शिवनाथने मास्क बाजूला करून विचारलं, "भात में नमक कौन डालता है यहाँ?" त्या दिवशी टोळी कित्येक दिवसांनी हसली.

शिवनाथ परत आला. अर्धा झाला होता, पण स्वतःच्या पायांनी अँब्युलन्समधून उतरला. त्यानंतर लाइनमध्ये चमत्कार म्हणावा असं झालं. माणसं स्वतःहून दार उघडायला लागली. कुणाला ताप आला, कुणाची चव गेली, की मेठकडे निरोप यायचा आणि मेठकडून मला. कपाळावरचे ओले गमछे गेले. आणखी काही जण दवाखान्यात गेले, वेळेवर गेले, आणि आले. मला गर्व झाला होता हे कबूल करायला हरकत नाही. आमच्या ह्यांना जेवताना दारापलीकडून मी रोज तेच ऐकवायची. ते म्हणायचे, "बरं बाई, तुझा पुतळा बसवू चौकात."

ह्या सगळ्यात मेठचं बोट मी एकदाही तपासलं नव्हतं. तो सारखा धावपळीत असायचा. करोंदच्या मंडीतून बटाटे-कांदे आणणं, आजाऱ्यांच्या दाराशी ताटं ठेवणं, गावी प्रत्येकाच्या घरी फोन. तो जवळ आला की दोन हात लांब उभा राहायचा आणि मी मनात म्हणायची, बघा किती पाळतो. एका सकाळी तो गेटपाशी कडुनिंबाच्या बुंध्याला धरून उभा दिसला. मी ऑक्सिमीटर काढला. त्याने हात मागे घेतला, मग हसला आणि पुढे केला. मी आकडा दोनदा बघितला. एवढ्या आकड्यावर माणूस उभा राहू शकत नाही.

"कब से?"

"कुछ दिन से। आप किसी से बोलिएगा मत। मेठ गिर गया सुनेंगे त सब पैदल भागेंगे गाँव। रास्ते में मर जाएँगे दीदी।"

मी अँब्युलन्सला फोन केला. त्याने मला थांबवलं नाही, पण लाइनमध्ये घेऊन चला म्हणाला, तिथूनच जाईन. तिथे गेल्यावर त्याने धुतलेला कुर्ता घातला, भिंतीला हात न लावता दारात उभा राहिला आणि त्याच्या जुन्या आवाजात ओरडला, "हम भी जा रहे हैं रे, देख लो! शिवनाथ खा के आया है, हम भी खाएँगे सरकारी भात! कोई नहीं भागेगा।" माणसं हसली. उरलासुरला सगळा दम त्याने त्या तीन वाक्यांत खर्च केला. अँब्युलन्समध्ये बसल्यावर त्याने स्वतःचा उजवा हात डाव्या हाताने उचलला आणि माझ्या हातात ठेवला. "हमारा देने वाला कोई नहीं है यहाँ," तो म्हणाला. "खुदे दे रहे हैं।" मी तो हात घेतला. काय बोलले ते मला आठवत नाही, पण नाही म्हटलं नाही हे नक्की.

लिसीने दोन दिवस त्याला फोनवर दाखवलं. तिसऱ्या दिवशी फोन आला तेव्हा पडद्यावर नुसतं छत दिसत होतं. मी फोन उंच धरून उभी होते आणि सगळी टोळी छताकडे बघत होती.

त्याचा देह आमच्या हाती दिला नाही. शिवनाथ आणि मी विश्रामघाटाच्या, म्हणजे इथल्या स्मशानाच्या, फाटकात दिवस काढला. गाड्या येत होत्या, जागा होत नव्हती, लाकडं ट्रकने उतरत होती. शेवटी पांढऱ्या सुटातल्या कुणीतरी पुकारलं, "रामबचन वाले कौन?" शिवनाथने हात वर केला. चेन लावलेली पिशवी होती, वर नाव लिहिलेलं. शिवनाथने फक्त एकदा तोंड दाखवा म्हणून हात जोडले. तो माणूस वाईट नव्हता. त्याने मागच्या रांगेकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, "भैया, नहीं कर सकते।" शिवनाथने लांब बांबूला बांधलेल्या पेंढीने अग्नी दिला. मी माझ्या स्कूटरपाशी उभी राहून रडले, मास्क भिजून नाकाला चिकटला, आणि तो बदलायचीसुद्धा मला भीती वाटत होती.

टोळी पळाली नाही. मेठचा तेवढा शब्द त्यांनी पाळला. गाड्या नीट सुरू झाल्यावर सगळे गावी गेले, काही परत आले, शिवनाथ आता मेठ आहे. मी त्याच वर्षाअखेर निवृत्त झाले. समारंभात साहेबांनी माझं कौतुक केलं की कुंदा सिस्टरमुळे लाइनमधल्या लोकांचा दवाखान्यावर विश्वास बसला.

रामबचनच्या बायकोचा पहिला फोन त्या पावसाळ्यात आला. नंबर शिवनाथने दिला होता. मी सांत्वनाचे चार शब्द जुळवून ठेवले होते. तिने ते ऐकून घेतले आणि मग विचारलं, "दीदी, आप उनका मुँह देखी थीं?"

मी खोटं बोलू शकले असते. रुग्णांशी आम्ही गरजेपुरतं बोलतोच. पण हीच एक गोष्ट होती जिच्यासाठी त्या बाईने आयुष्यात पहिल्यांदा परक्या गावच्या परक्या बाईला फोन केला होता. मी म्हटलं, नाही, मुँह नहीं देखा, थैली पर नाम लिखा था.

"नाम त कोई भी लिख देता है," ती म्हणाली.

मी तिला पुष्कळ समजावलं. शिवनाथने समजावलं, गावातल्या लोकांनी समजावलं. तिने कुंकू पुसलेलं नाही. दिवाळीनंतरच्या छठचा, त्यांच्याकडच्या सूर्यपूजेचा, उपास ती अजून त्याच्या नावाने करते, आणि तो झाला की मला फोन करते. मी बहुतेक शाहपुऱ्याच्या तलावावर फिरायला गेलेली असते. ती माझ्या गुडघ्यांची चौकशी करते, ह्यांची चौकशी करते, आणि मग तोच प्रश्न विचारते. रांगेतल्या त्या गाड्या, ती घाई, एकसारख्या पिशव्या माझ्या डोळ्यांसमोर येतात, आणि मला समजतं की तो त्याच पिशवीत होता हे मीही शपथेवर सांगू शकत नाही. मी नाही म्हणते. मग ती, नवरा उशिरा का होईना पण येईलच या खात्रीने, जणू मीच भित्री आहे आणि तिने मला धीर द्यायचा आहे अशा आवाजात म्हणते, "तब त अइहें दीदी। देर लगी, बाकी अइहें।"